रायलीच्या गाडीतलं इंजिन

रायली : ते सगळं राहू दे. हे तेलाचं झाकण तेच कसं, एवढं सांग. इंजिन बदललं म्हणतोस, मग त्याच्यावर झाकण माझं कसं?

ताउनो : आधी दार लावू दे बाई. बाहेर उणे सत्तावीस, आणि तू गॅरेजचं दार सताड टाकून भांडतेयस. पावो, ओढ रे ते.

पावो : ओढतो.

रायली : हे लाल झाकण मी माझ्या हातानं पेट्रोलपंपावरून आणलंय. मूळचं काळं होतं, ते कुठेतरी पडलं, म्हणून. नीट बसत पण नव्हतं, खाली रबर घातलंय बघ. आज सकाळी काच धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं, तर हे समोर. आणि नोव्हेंबरात म्हणे तू नवीन इंजिन टाकलंस.

ताउनो : नवीन नाही. दुसरं. दुसरं म्हणालो होतो मी.

रायली : शब्दांत खेळवू नकोस मला.

ताउनो : खेळवत नाही, सांगतोय. त्या इंजिनाचं स्वतःचं झाकण तडकलेलं होतं. तुझं धड होतं, म्हणून काढून याला लावलं. चांगली वस्तू काय टाकून द्यायची?

रायली : म्हणजे इंजिन टाकलंस आणि झाकण तेवढं जपलंस. शाबास.

पावो : रायली, सांगतोय ना तो.

रायली : तू मध्ये पडू नकोस. घरात दिवसदिवस तोंडातून शब्द निघत नाही, आणि आज बरा मित्राचा कैवार आलाय. मी एकटीच येणार होते, तर म्हणे मी पण येतो. कधी कुठे येतोस माझ्याबरोबर?

पावो : आलो सहज.

ताउनो : हे तुझ्या डोक्यात घातलं कोणी?

रायली : शेजारच्या हन्नेलेनं. तिच्या बहिणीला असाच एक भेटला, तिकडे औलूला. इंजिन बदललं म्हणाला. आणि केलं काय होतं? वाफेनं धुतलं, वरून चंदेरी रंग मारला आणि परत दिलं. बहीण सहा महिने खुशीत चालवत होती.

ताउनो : हन्नेलेला स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही.

रायली : मला माहीत आहे ना. म्हणून तर आले. हे बघ ताउनो, मी काही भांडणाची हौस म्हणून आलेली नाही. रोज तीन वाड्या फिरून मी म्हाताऱ्यांना औषधं देते, जेवू घालते. बस बंद झाली त्याला किती वर्षं झाली तुलाच ठाऊक. ही गाडी जंगलात बंद पडली तर मी गारठून मरेन, आणि पोचले नाही तर तिकडे ती म्हातारी इल्मी उपाशी राहील. पण त्याहीपेक्षा मला दुसरंच खातंय. तू पावोचा शाळेपासूनचा मित्र. आमचा आर्तू गेला तेव्हा त्याची शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांत तू होतास. तू जर मला फसवलं असशील, तर या गावात मी विश्वास ठेवायचा कोणावर?

ताउनो : फसवलं नाही तुला.

रायली : मग माझं जुनं इंजिन दाखव.

ताउनो : जुनं?

रायली : ठेवलं असशीलच की. झाकण जपणारा माणूस तू, इंजिन बरं टाकशील.

ताउनो : आहे. मागच्या शेडात आहे.

पावो : आता तिकडे कशाला? थंडी आहे. जाऊ घरी.

रायली : तुला थंडी वाजते कधीपासून? तासन्‌तास तळ्यावर बर्फात बसणारा माणूस तू. चल.

(तिघं मागच्या शेडात येतात. ताउनो कोपऱ्यातली ताडपत्री ओढून बाजूला करतो.)

ताउनो : हे बघ. हातमोजे काढू नकोस, लोखंडाला कातडं चिकटेल. हे इथे भोक दिसतंय? आतला दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. यातून माझी मूठ आरपार जाते. याला कोणी रंग मारून परत देईल?

रायली : हे माझंच कशावरून? तुझ्याकडे अशी दहा पडलेली असतील.

ताउनो : कर्म माझं. तुझ्याकडे गाडीचा कागद आहे?

रायली : आणलाय.

ताउनो : त्यावर इंजिनाचा नंबर असतो. तोच या बाजूला ठोकलेला असतो. थांब, तारेचा ब्रश मारतो. हं. धर बॅटरी आणि तूच वाच. मी वाचला तर म्हणशील, चुकीचा वाचला.

रायली : शेवटचे आकडे... चार, शून्य, सात, एक.

ताउनो : आणि कागदावर?

रायली : चार, शून्य, सात, एक.

ताउनो : झालं समाधान?

रायली : हो. माझंच आहे.

ताउनो : मग म्हण तसं. चोर म्हणताना आवाज बरा चढला होता.

रायली : चोर म्हणाले नाही मी.

ताउनो : म्हणायचं काय बाकी ठेवलंस? चाळीस वर्षं या गावाच्या गाड्या करतोय मी, रायली. कोणी असं ताडपत्री उचलून बघितलं नव्हतं.

रायली : चुकलं माझं. बस? मला वाटलं ते मी तोंडावर येऊन बोलले. मागे तर नाही ना बोलले. ही खुर्ची कोणाची इथे? घरातली वाटते. गादीबिदी घातलेली.

ताउनो : माझीच. बसतो कधी कधी.

रायली : या थंडीत, शेडात?

ताउनो : माणसाला कुठेही बसावंसं वाटतं. चला, पुढे शेगडीवर कॉफी आहे.

पावो : कॉफी नको. घरी जाऊ.

(तिघं परत पुढे गॅरेजात गाडीपाशी येतात.)

रायली : थांब रे. आलेच आहे तर गाडीतल्या त्या दुसऱ्या इंजिनाचाही नंबर बघून घेते. पुढच्या महिन्यात गाडी तपासणीला न्यायची आहे. तिथे विचारलं हे कुठलं इंजिन, तर सांगू काय?

ताउनो : ते मी लिहून देईन तुला. तू बघायची गरज नाही.

रायली : का? बघितलं तर काय होतं?

ताउनो : होत काही नाही. अडचणीच्या जागी आहे नंबर. खाली वाकावं लागतं.

रायली : दिवसभर म्हाताऱ्यांना उचलते मी. वाकता येतं मला. आण इकडे बॅटरी.

पावो : रायली, पुरे झालं आता.

रायली : तुला झालंय काय आज? घरी चल, घरी चल. घरी काय ठेवलंय? सरक बाजूला. ताउनो, याच बाजूला ना?

ताउनो : आणखी खाली. हीटरच्या मागे.

रायली : हीटर कुठला, ही वायर? दिसली. रोज रात्री इंजिन गोठू नये म्हणून विजेच्या खांबाला वायर लावते मी गाडीची, पण दुसरं टोक कुठे जातं ते कधी बघितलंच नाही. काय रे ताउनो, हे इंजिन आणलंस कुठून?

ताउनो : सांगितलं होतं तेव्हा. औलूच्या भंगारवाल्याकडून.

रायली : मग भंगारवाल्यानं वायर कापली कशी नाही? ते तर इंजिन काढताना सगळ्यात आधी वायरी कापतात. वजनावर विकतात.

ताउनो : कोणी कापतं, कोणी नाही.

रायली : आणि वर दोरा गुंडाळलाय. हिरवा.

ताउनो : वायर घासू नये म्हणून गुंडाळतात तसा.

रायली : मासेमारीच्या जाळ्याचा दोरा आहे हा. पावो, इकडे ये.

पावो : काय?

रायली : हा दोरा बघ.

पावो : बघितला.

रायली : गाठ उलटी आहे. डावखुऱ्या माणसाची गाठ. तू घालतोस तशी.

पावो : मीच बांधलाय. नोव्हेंबरात, गाडी घरी आली तेव्हा. वायर लोंबत होती.

रायली : कशानं बांधलास? हिरवा दोरा घरात कुठाय? सगळी जाळी कधीच विकलीस, त्याच्याबरोबर दोऱ्याचं रीळ पण देऊन टाकलंस. आता आहे तो पांढरा, नायलॉनचा. आणि हा बघ, तेलानं काळा पडलाय. तीन महिन्यांत असा होतो?

पावो : असेल जुना एखादा तुकडा.

रायली : पावो. तू आयुष्यात एकाच गाडीच्या वायरीला असा दोरा बांधलास. आर्तू म्हणाला होता, पप्पा, वायर घासतेय, नवीन घेऊ का? आणि तू म्हणालास, नवीन कशाला, दे इकडे. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही दोघं बॉनेटखाली डोकी घालून उभे होतात, आणि मी जेवायला हाका मारून दमले.

ताउनो : कॉफी ओततो मी.

रायली : जागचा हलू नकोस. त्याची गाडी तू भंगारात चेपायला पाठवलीस ना? मी तुला विचारलं होतं. दफन झाल्यावर कॉफीला सगळे जमले होते, तेव्हा तुला बाजूला घेऊन विचारलं, गेली का ती? मला ती पुन्हा डोळ्यांनी बघायची नाही म्हटलं. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, गेली.

ताउनो : म्हणालो.

रायली : मग हे काय आहे?

ताउनो : पावो, आता तू बोल. मघापासून चोर, लबाड सगळं ऐकून घेतलं मी. अजून किती ऐकू तुझ्यासाठी?

रायली : त्याच्यासाठी?

पावो : मी सांगितलं त्याला. पाठवू नकोस म्हणून.

रायली : कधी?

पावो : दुसऱ्याच दिवशी.

रायली : आणि ठेवलीत कुठे?

ताउनो : आता होतो ना आपण, त्या शेडात. लाकडं वाहणाऱ्या ट्रकनं बाजूनं मारलं होतं, दाराकडून. पुढून काहीच झालं नव्हतं. इंजिन जसंच्या तसं होतं. पोरानं जपलंही होतं, वेळच्या वेळी तेल बदलायचा. नोव्हेंबरात इंजिन काढलं आणि मग उरलेली पाठवून दिली. खरंच दिली, शपथ.

रायली : तुझी शपथ तुझ्याकडेच ठेव. दोन हिवाळे इथे होती ती. आणि ठेवून करत काय होतात?

पावो : काही नाही.

रायली : ताउनो, तू सांग. हा सांगणार नाही.

ताउनो : रविवारी यायचा. मी सकाळी हीटर लावून ठेवायचो. हा येऊन सुरू करायचा.

रायली : सुरू करून?

ताउनो : बसायचा. त्या खुर्चीत. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा, मग बंद करायचा आणि जायचा.

रायली : रविवारी तर तो तळ्यावर जायचा. बर्फावर गळ टाकायला.

ताउनो : इथे यायचा.

रायली : मी ब्रेड-लोणी बांधून द्यायचे त्याला. थर्मास भरून द्यायचे. रिकाम्या हातानं परत यायचास, पावो, मला इतकं वाईट वाटायचं. म्हणायचे, बिचाऱ्याला पोरगाही राहिला नाही आणि मासाही लागत नाही. नाताळला बर्फाला भोक पाडायचं नवीन गिरमिट आणून दिलं तुला. हप्त्यानं घेतलं होतं.

पावो : माहीत आहे.

रायली : घेतलंस ना हातात. थँक्यू म्हणालास. भिंतीला टांगून ठेवलंस.

पावो : काय बोलणार होतो?

रायली : हेच. हेच बोलायचं होतं. म्हणायचं होतं, रायली, त्याची गाडी ताउनोकडे आहे, येतेस का? मी ओरडले असते, रडले असते, तुला दोन शिव्या दिल्या असत्या. पण मग आले असते. एखाद्या रविवारी आलेच असते.

पावो : तू म्हणाली होतीस, बघायची नाही.

रायली : मी त्या आठवड्यात काय काय म्हणाले होते. मला जगायचं नाही असंही म्हणाले होते. ते नाही ऐकलंस? दोन वर्षं तुझ्यासमोर त्याचं नाव काढलं की तू टीव्हीचा आवाज वाढवायचास. त्याच्या वाढदिवसाला केक केला, तर तू म्हणालास, भूक नाही. मी एकटीनं खाल्ला, सिंकपाशी उभी राहून. मला वाटलं, हा दगड आहे. मग वाटलं, नाही, याला सहनच होत नाही, याच्याशी बोलायला नको. मी म्हाताऱ्या इल्मीशी बोलायचे त्याच्याबद्दल. तिला ऐकूही येत नाही धड.

ताउनो : रायली, मी त्याला म्हणालो होतो, घरी सांग म्हणून.

रायली : तू तर बोलूच नकोस. खोटं माझा हात धरून बोललास तू. फसवलं नाही म्हणतोस. हन्नेलेच्या बहिणीला फसवणारा परवडला. त्यानं नुसता रंग मारला.

ताउनो : बरोबर आहे तुझं.

रायली : आणि माझ्या गाडीत का? नोव्हेंबरात काय सुचलं दोघांना?

पावो : तुझं इंजिन गेलं होतं. ते पडून होतं, चांगलं होतं. ताउनो म्हणाला, दुसरं मिळायला महिना जाईल.

रायली : एवढंच?

पावो : आणि म्हटलं, घरी येईल.

रायली : काय येईल?

पावो : ते. रोज सकाळी आपल्या अंगणात सुरू होईल. इथे यायला नको. तुला कामाला गाडी मिळेल, आणि मला... ऐकू येईल.

रायली : म्हणून तू पायरीवर येऊन उभा राहतोस.

पावो : हं.

रायली : नोव्हेंबरपासून. मी निघाले की स्वेटर अडकवून बाहेर येतोस. मी रस्त्याला लागेपर्यंत उभा असतोस. मी आरशात बघायचे तुला.

पावो : रायली.

रायली : इल्मीला सांगितलं मी. म्हटलं, पावो आता जरा बरा होतोय, सकाळी मला निरोप द्यायला बाहेर येतो. एवढ्या वर्षांत कधी आला नव्हता. मी हात करायचे तुला. रोज.

पावो : मी पण करायचो.

रायली : हो, करायचास. कोणाला, ते आज कळलं.

ताउनो : असं नको बोलूस गं. तुझ्यासाठीही असेलच की.

रायली : तो म्हणू दे ना. बघ, म्हणतोय का. तीस वर्षं झाली लग्नाला, खोटं सुद्धा बोलता येत नाही त्याला माझ्याशी. बाकी सगळं लपवता येतं.

पावो : मला बोलता येत नाही. तुला माहीत आहे.

रायली : मला येतं, म्हणून मीच बोलत राहायचं. जन्मभर.

ताउनो : काढून देऊ का ते? सांगशील तर उद्याच काढतो. दुसरं शोधतो कुठूनतरी. तोपर्यंत माझी पिकअप ने.

रायली : हात लावायचा नाही त्याला. तुम्ही दोघांनी लावले तेवढे हात पुरे झाले. चावी दे.

ताउनो : कॉफी तरी घे. अशी रागात चालवणार कशी?

रायली : चालवीन. म्हातारी वाट बघत असेल. चावी.

पावो : चल, बसू गाडीत.

रायली : तू नाही.

पावो : मग मी कसा येऊ?

रायली : दोन हिवाळे दर रविवारी आलास-गेलास ना? तसाच. नाही तर ताउनो सोडेल. मित्र आहे तुझा.

पावो : रायली, आज लवकर येशील?

रायली : येईन, यायचं तेव्हा. आणि ऐक. उद्यापासून गाडी मी शाळेमागे लावणार आहे. तिथे हीटरचे खांब रिकामेच असतात, मास्तरांना विचारीन. तेवढं चालत जाईन मी. तेव्हा सकाळी पायरीवर येऊन उगाच थंडीत उभा राहू नकोस.